सेंट्रोमिअरशेजारचे द्विरावृत्त डीएनए खंड : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मुंबईत जनुकीय समुपदेशनाचे काम करताना दोन प्रकारची माणसे माझ्यासमोर येतात. एक म्हणजे परळ, दादर किंवा ठाण्यातल्या प्रयोगशाळेतून गुणसूत्र तपासणीचा अहवाल घेऊन आलेली कुटुंबे, आणि दुसरे म्हणजे जीवशास्त्राचे पदव्युत्तर विद्यार्थी. दोघांचे प्रश्न वरकरणी वेगळे असले तरी त्यांतले बरेचसे गुणसूत्राच्या एकाच भागाशी, म्हणजे सेंट्रोमिअरच्या शेजारच्या पट्ट्याशी येऊन थांबतात. या भागातील बदलाचा अर्थ लावताना काय सापडले याच्याइतकेच ते कुठे सापडले आणि कोणत्या चाचणीने सापडले हेही विचारावे लागते, असे माझे ठाम मत आहे. खालील उत्तरे त्या दृष्टीने लिहिली आहेत. ती डॉक्टरांच्या सल्ल्याची जागा घेऊ शकत नाहीत.

सेंट्रोमिअर म्हणजे काय आणि त्याच्या शेजारी नेमके काय असते?

पेशी विभागताना गुणसूत्राची दोन्ही अर्धसूत्रे ज्या जागी एकमेकांना धरून राहतात आणि जिथे त्यांना ओढून वेगळे करणारे तर्कुतंतू येऊन पकड घेतात, ती जागा म्हणजे सेंट्रोमिअर. शालेय पुस्तकांत त्याला गुणसूत्रबिंदू म्हटलेले असते. माणसाच्या सेंट्रोमिअरमध्ये अल्फा सॅटेलाइट नावाचा, सुमारे १७१ बेस जोड्यांचा (बेस म्हणजे डीएनएचे एक अक्षर) एक लहान क्रम हजारो वेळा एकापुढे एक मांडलेला असतो. या मांडणीत जनुके जवळपास नसतात. गुणसूत्राच्या भुजांवर मात्र नेहमीची जनुके असतात. या दोहोंच्या मधे एक संक्रमण पट्टा असतो आणि आपला विषय तोच आहे. अनेक गुणसूत्रांवर या पट्ट्यात त्याच गुणसूत्राच्या दूरच्या भागांतून, किंवा अगदी दुसऱ्याच गुणसूत्रांवरून आलेल्या डीएनएच्या प्रती शेजारी शेजारी बसलेल्या आढळतात.

द्विरावृत्त खंड नेमके कशाला म्हणायचे?

जीनोममध्ये, म्हणजे पेशीतील संपूर्ण डीएनएमध्ये, एकापेक्षा जास्त जागी आढळणारा, किमान १,००० बेस जोड्या लांब आणि दोन प्रतींमध्ये किमान ९० टक्के साम्य असलेला खंड, अशी ही व्याख्या संशोधनात रूढ आहे. इंग्रजी अहवालांत आणि शोधनिबंधांत आपल्याला ‘सेगमेंटल डुप्लिकेशन’ किंवा ‘लो कॉपी रिपीट’ ही नावे दिसतील. वर सांगितलेले सॅटेलाइट डीएनए यात मोजत नाहीत, आणि स्वतःच्या बळावर उड्या मारत पसरणारे ‘अलू’सारखे लहान क्रमही मोजत नाहीत. द्विरावृत्त खंडात जनुकाचे तुकडे, कधी कधी पूर्ण जनुकेही असतात, आणि त्यामुळेच त्यांना महत्त्व आहे. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या मानवी जीनोमच्या पूर्ण वाचनानुसार असे खंड आपल्या जीनोमचा सुमारे ७ टक्के भाग व्यापतात.

हे खंड सेंट्रोमिअरच्या शेजारीच का जमले?

या प्रश्नाचे उत्तर थोडे विस्ताराने द्यायला हवे. १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात जनुकशास्त्रज्ञ इव्हान आयक्लर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा काही प्रतींचा माग काढला. त्यातले एक उदाहरण अ‍ॅड्रिनोल्युकोडिस्ट्रॉफी या मेंदू आणि अ‍ॅड्रिनल ग्रंथींच्या आनुवंशिक आजाराशी संबंधित जनुकाचे आहे. हे जनुक एक्स गुणसूत्राच्या लांब भुजेच्या टोकाजवळ, एक्सक्यू२८ या पट्ट्यात असते (पट्ट्याच्या नावात ‘क्यू’ म्हणजे लांब भुजा, ‘पी’ म्हणजे आखूड भुजा). त्याच्या मागच्या भागाचा, म्हणजे सातव्या ते दहाव्या एक्सॉनचा (प्रथिनाची माहिती असलेल्या भागांचा), जेमतेम दहा हजार बेस जोड्यांचा तुकडा क्रमांक २, १०, १६ आणि २२ या चार गुणसूत्रांवर सापडतो, आणि चारही ठिकाणी तो सेंट्रोमिअरच्या अगदी जवळ बसलेला आहे. एकाच जनुकाचा एकच तुकडा चार वेगवेगळ्या गुणसूत्रांवर नेमका सेंट्रोमिअरशेजारी जाऊन बसणे हा योगायोग नव्हे.

यावरून पुढे आलेली मांडणी दोन टप्प्यांची आहे. पहिल्या टप्प्यात भुजेवरील जनुकाच्या एखाद्या तुकड्याची प्रत बनते आणि ती कोणत्या तरी एका सेंट्रोमिअरशेजारी जाऊन बसते; मूळ जनुक आपल्या जागी शाबूत राहते. काळाच्या ओघात त्याच जागी निरनिराळ्या ठिकाणांहून आलेल्या आणखी प्रती येऊन बसतात आणि तुकड्यांची एक सलग पट्टी तयार होते. दुसऱ्या टप्प्यात ही पट्टी, पूर्ण किंवा अर्धीमुर्धी, एका सेंट्रोमिअरकडून दुसऱ्या गुणसूत्राच्या सेंट्रोमिअरकडे जाते. म्हणूनच अनेक गुणसूत्रांच्या या पट्ट्यात तेच तुकडे त्याच क्रमाने लागलेले दिसतात. प्रती जिथे येऊन जोडल्या गेल्या त्या सांध्यांवर सीएजीजीजी यासारखे, जी आणि सी या डीएनए-अक्षरांची गर्दी असलेले लहान पुनरावृत्त क्रम वारंवार आढळले आहेत, आणि बाहेरचा डीएनए तिथे सहज सामावला जाण्याशी त्यांचा संबंध असावा असे मानले जाते.

हीच जागा का, याचे दुसरे कारण त्या परिसराच्या स्वभावात आहे. सेंट्रोमिअरजवळ जनुकांची घनता कमी असते, त्यामुळे नवा तुकडा घुसला तरी एखादे आवश्यक जनुक मोडण्याची शक्यता कमी राहते. शिवाय तिथे गुणसूत्रांच्या जोडीतील नेहमीची अदलाबदल फारशी होत नाही, म्हणून आलेला तुकडा टिकून राहतो. सर्व गुणसूत्रांवर हे प्रमाण सारखे नाही. काहींच्या शेजारी अशा खंडांची दाटी आहे, तर काहींच्या शेजारी ते जवळजवळ नाहीत. यातील बऱ्याच प्रती अंदाजे एक ते दोन कोटी वर्षांपूर्वी, माणूस आणि मोठी वानरे यांच्या समान पूर्वजांच्या काळात बनल्या. म्हणून चिंपांझी आणि गोरिला यांच्या जीनोममध्येही त्यांतले बरेच खंड आढळतात, पण प्रतींची संख्या आणि जागा प्रत्येक प्रजातीत थोड्या वेगळ्या असतात.

या खंडांचा शरीराला काही उपयोग आहे का?

बहुतेक प्रतींना नाही. वर सांगितलेल्या तुकड्याला स्वतःचा पुढचा भाग नाही आणि जनुक सुरू करणारा क्रमही नाही, त्यामुळे त्यातून प्रथिन बनत नाही. पण सगळ्यांना एकाच मापाने मोजून ‘निरुपयोगी डीएनए’ म्हणणे मला पटत नाही, आणि त्याला पुरावा गुणसूत्र १ वर आहे. तिथे एसआरगॅप-२ नावाच्या जनुकाच्या प्रती सेंट्रोमिअरच्या दोन्ही बाजूंना बसल्या आहेत. त्यांतली एसआरगॅप-२सी ही प्रत सुमारे चोवीस लाख वर्षांपूर्वी बनली असावी असा अंदाज असून ती फक्त मानवी वंशात आहे. २०१२ मधील संशोधनानुसार ती मूळ जनुकाच्या कामाला आवर घालते आणि मेंदूतील चेतापेशींच्या जोडण्या सावकाश परिपक्व होऊ देते. त्याच परिसरातील नॉच-२एनएल ही जनुके मेंदूच्या बाह्यकातील पेशी वाढवण्यात भाग घेतात, हे २०१८ मध्ये दाखवले गेले.

मानवी जीनोम २००३ मध्येच पूर्ण झाला होता, मग हा भाग इतकी वर्षे का वाचता आला नाही?

२००३ मध्ये जाहीर झालेले वाचन भुजांच्या बाबतीत उत्तम होते, परंतु सेंट्रोमिअर, त्यांचा शेजार आणि गुणसूत्र १३, १४, १५, २१, २२ यांच्या आखूड भुजा त्यात कोऱ्याच राहिल्या होत्या. एकूण जीनोमचा सुमारे ८ टक्के भाग असा अपुरा होता. डीएनए वाचणारी यंत्रे संपूर्ण गुणसूत्र एका दमात वाचत नाहीत. ती तुकडे वाचतात आणि संगणक ते तुकडे जुळवतो. आज सर्वाधिक वापरल्या जाणाऱ्या पद्धतीत एक तुकडा साधारण १५० बेसचा असतो.

मुंबईत ‘साईकृपा’ नावाच्या इमारती गल्लोगल्ली आहेत. पाकिटावर फक्त ‘साईकृपा, तिसरा मजला’ एवढेच लिहिले असेल, तर ते गोरेगावला पोहोचवायचे की घाटकोपरला, हे कुरिअरवाल्याला ठरवता येत नाही. पत्त्यात रस्ता आणि पिनकोड आला की अडचण उरत नाही. ९८ किंवा ९९ टक्के साम्य असलेल्या दोन प्रतींपैकी कोणत्या प्रतीचा हा तुकडा आहे, हे १५० बेसवरून सांगताना संगणकाची तीच अडचण होते. तुकडा पंधरा-वीस हजार बेसचा किंवा लाखभर बेसचा असेल तर मधे कुठे तरी दोन प्रतींतला फरक सापडतो आणि जागा निश्चित होते. असे लांब तुकडे अचूक वाचण्याचे तंत्र गेल्या काही वर्षांत हाती आले, आणि ‘टेलोमिअर टू टेलोमिअर’ (म्हणजे गुणसूत्राच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत) या आंतरराष्ट्रीय गटाने मार्च २०२२ मध्ये सुमारे ३०५.५ कोटी बेस जोड्यांचा पूर्ण क्रम प्रसिद्ध केला. त्यासाठी वापरलेल्या पेशी द्राक्षगर्भातून, म्हणजे बाळ न बनता द्राक्षांच्या घोसासारख्या वाढलेल्या गर्भपेशींतून, मिळवलेल्या होत्या. त्यांत गुणसूत्रांचे दोन्ही संच वडिलांकडून आलेले आणि एकसारखे असल्यामुळे आई-वडिलांच्या प्रतींतील फरकाचा गुंता टळला. त्यात नसलेले वाय गुणसूत्र २०२३ मध्ये पूर्ण झाले.

या खंडांमुळे आजार कसे होतात?

खंड असणे हा आजार नाही. ते प्रत्येकाच्या शरीरात असतात. अडचण बीजपेशी तयार होताना येते. त्या वेळी गुणसूत्रांच्या जोड्या समोरासमोर येतात आणि त्यांच्यात तुकड्यांची अदलाबदल होते. जवळजवळ सारख्या दोन प्रती एकाच गुणसूत्रावर थोड्या अंतरावर असतील, तर कधी कधी एकाची पहिली प्रत दुसऱ्याच्या दुसऱ्या प्रतीसमोर येते आणि अदलाबदल चुकीच्या जागी होते. मग एका गुणसूत्रातून मधला भाग गळतो, आणि दुसऱ्यात तोच भाग दोनदा येतो.

याचे आमच्या कामात सर्वाधिक दिसणारे उदाहरण गुणसूत्र २२ वरचे आहे. २२क्यू११.२ या पट्ट्यात ए, बी, सी, डी अशी नावे दिलेले चार मोठे द्विरावृत्त खंड आहेत. ए आणि डी यांच्यात अशी चूक झाली की सुमारे तीस लाख बेस जोड्या गळतात; बहुसंख्य रुग्णांत हीच लांबी आढळते. ए आणि बी यांच्यात झाली तर साधारण त्याच्या निम्म्या. यातून होणारा विकार सुमारे चार हजार जन्मांमागे एक इतक्या प्रमाणात आढळतो असे पूर्वापार मानले जाते. जन्मजात हृदयदोष, टाळूतील दोष किंवा नाकातून येणारा आवाज, रक्तातील कॅल्शियम कमी होणे, वारंवार जंतुसंसर्ग आणि शिकण्यातील अडचणी अशी त्याची लक्षणे असतात, पण ती सगळी एकाच मुलात असतीलच असे नाही. म्हणून एखाद्या बाळात विशिष्ट हृदयदोषासोबत कॅल्शियम कमी आढळले तर ही तपासणी लांबवू नये, असे मी आग्रहाने सांगेन. यातला ए खंड माणसागणिक इतका बदलतो की कुणात तो अडीच लाख बेस जोड्यांचा, तर कुणात वीस लाखांच्या घरात असू शकतो.

गुणसूत्र १५ वर, १५क्यू११ ते क्यू१३ या पट्ट्यात हीच यंत्रणा चालते, पण परिणाम आणखी वेगळा होतो. वडिलांकडून आलेल्या गुणसूत्रातून हा भाग गळला तर प्रॅडर-विली विकार होतो, ज्यात जन्मतः बाळ लुळे असते, नीट दूध ओढत नाही, आणि काही वर्षांनी त्याला न शमणारी भूक लागते. आईकडून आलेल्या गुणसूत्रातून तोच भाग गळला तर अँजेलमन विकार होतो, ज्यात बोलणे जवळजवळ येत नाही आणि बऱ्याच मुलांना आकडी येते. गुणसूत्र ७ वरील विल्यम्स विकाराचे मूळही सेंट्रोमिअरपासून फार लांब नसलेल्या ७क्यू११.२३ या पट्ट्यातील अशाच खंडांत आहे.

माझ्या मुलाच्या अहवालात ‘डुप्लिकेशन’ लिहिले आहे. ते हेच का?

सहसा नाही. अहवालातील नोंदीचा अर्थ त्या मुलात एखादा भाग इतरांपेक्षा जास्त वेळा आहे असा होतो. या पानावर वर्णन केलेले खंड सर्वांमध्ये असतात आणि ते त्या बदलाचे कारण असू शकतात. नोंदीपुढे दिलेला पट्टा आणि लांबी यांवरूनच पुढचा विचार करता येतो.

दोनदा गर्भपात झाल्यावर आम्हा दोघांची तपासणी केली. एकाच्या अहवालात ‘९क्यूएच प्लस’, दुसऱ्याच्या अहवालात ‘इन्व्हर्जन ९’ लिहिले आहे. गर्भपात यामुळेच झाले का?

या प्रश्नाने फार माणसांची झोप उडवलेली मी पाहिली आहे. गुणसूत्र १, ९ आणि १६ यांच्या सेंट्रोमिअरजवळ, तसेच वाय गुणसूत्राच्या लांब भुजेवर, सॅटेलाइट डीएनएचे मोठे पट्टे असतात. त्यांची लांबी माणसागणिक कमी-जास्त असते. ‘क्यूएच प्लस’ म्हणजे तो पट्टा नेहमीपेक्षा लांब दिसला, एवढेच. गुणसूत्र ९ च्या सेंट्रोमिअरच्या दोन्ही बाजूंना द्विरावृत्त खंडांची दाटीही मोठी आहे. ‘इन्व्हर्जन ९’ म्हणजे या गुणसूत्राचा सेंट्रोमिअरभोवतीचा, पी१२ ते क्यू१३ हा भाग उलटा बसलेला आहे. असा बदल साधारण १ ते ३ टक्के निरोगी माणसांत असतो. वैद्यकीय जनुकशास्त्रात हे दोन्ही बदल सामान्य मानवी वैविध्यात धरले जातात. त्यांवर गर्भपाताचा ठपका ठेवू नये, त्यांच्या आधारे महागड्या चाचण्यांच्या मागे लागू नये, आणि घरात सुनेला किंवा मुलाला ‘दोष’ चिकटवण्याचे कारण तर मुळीच नाही. गुणसूत्रांचे खरे संतुलित स्थानांतरण, म्हणजे डीएनए कमी-जास्त न होता दोन गुणसूत्रांतील तुकड्यांची अदलाबदल, आढळले तर गोष्ट वेगळी. ते अहवालात निराळ्या खुणेने स्पष्ट लिहिलेले असते.

कधी कधी सूक्ष्मदर्शकाखाली १६पी११.२, ९पी१२ किंवा १५क्यू११.२ या जागी पट्टा जाड दिसतो आणि तिथे डीएनए वाढल्याची शंका येते. तिथे पुष्कळदा निष्क्रिय जनुकप्रतींचीच संख्या वाढलेली असते आणि तीही निरुपद्रवी असते. परंतु १६पी११.२ याच पट्ट्यात सुमारे सहा लाख बेस जोड्या गळण्याचा, स्वमग्नतेशी जोडला जाणारा बदलही होतो. म्हणून केवळ पट्ट्याचे नाव वाचून निष्कर्ष काढू नये. शंका असेल तर मायक्रोअ‍ॅरेने, म्हणजे संपूर्ण जीनोममध्ये कुठे डीएनए कमी-जास्त आहे ते शोधणाऱ्या तपासणीने, खात्री करून घ्यावी.

मग कोणती तपासणी करावी?

कॅरिओटाइपसाठी, म्हणजे सूक्ष्मदर्शकाखालील गुणसूत्र तपासणीसाठी, जिवंत पेशी लागतात. म्हणून रक्त हिरव्या झाकणाच्या, हेपरिन असलेल्या नळीत घेतात, पेशी साधारण तीन दिवस वाढवतात, कोल्चिसिनसारख्या औषधाने त्यांचे विभाजन मध्यावर थांबवतात आणि रंगवलेली गुणसूत्रे सूक्ष्मदर्शकाखाली मोजतात. सहसा वीस पेशी पाहिल्या जातात. वसईहून किंवा पनवेलहून नमुना येणार असेल तर तो गोठवू नये आणि उन्हात तापलेल्या गाडीत ठेवू नये, नाहीतर पेशी वाढत नाहीत आणि पुन्हा सुई टोचावी लागते. साधारण पन्नास लाख ते एक कोटी बेस जोड्यांपेक्षा लहान बदल या तपासणीत दिसत नाहीत. त्यामुळे २२क्यू११.२ चा बदल असूनही कॅरिओटाइप ‘नॉर्मल’ येऊ शकतो, हे पालकांनी लक्षात ठेवावे.

डीएनएवर केल्या जाणाऱ्या तपासण्यांसाठी जांभळ्या झाकणाची, ईडीटीए असलेली नळी लागते. लक्षणांवरून एकाच विकाराचा दाट संशय असेल तर फिश किंवा एमएलपीए या ठरावीक जागाच पाहणाऱ्या तपासण्या पुरतात. संशय अनेक अंगांनी असेल तर मायक्रोअ‍ॅरे योग्य. प्रॅडर-विली आणि अँजेलमन यांच्यासाठी मिथायलेशन तपासणी (आई-वडिलांच्या प्रतींवरील रासायनिक खुणा पाहणारी) आधी करतात. जनुकांचे प्रथिन बनवणारे भाग वाचणारी एक्सोम तपासणी उपयुक्त आहे, पण द्विरावृत्त खंडांत तिच्या निष्कर्षाकडे सावधपणे पाहावे लागते. न्यूरोफायब्रोमॅटोसिस या नसांवर गाठी आणणाऱ्या आजाराचे एनएफ-१ जनुक गुणसूत्र १७ वर आहे आणि त्याच्या निष्क्रिय प्रती गुणसूत्र २, १२, १४, १५, १८, २१ आणि २२ वर, बहुतेक ठिकाणी सेंट्रोमिअरजवळ, आहेत. प्रतीतला बदल मूळ जनुकातला समजून नोंदवला जाण्याचा धोका इथे खरा आहे. अशा वेळी दुसऱ्या पद्धतीने खात्री केली का, हे प्रयोगशाळेला विचारण्याचा आपल्याला पूर्ण अधिकार आहे.

हे आमच्या चुकीमुळे झाले का? नात्यात लग्न झाल्याचा हा परिणाम आहे का?

नाही. मामेबहीण किंवा आतेभाऊ यांच्याशी लग्न झाल्याने काही सुप्त आजारांची शक्यता वाढते, पण या यंत्रणेने होणाऱ्या बदलांचा त्याच्याशी संबंध नाही. गरोदरपणातील खाणे, प्रवास किंवा ग्रहण यांचाही नाही.

पुढच्या बाळात हे पुन्हा होईल का?

२२क्यू११.२ गळण्याच्या दहापैकी सुमारे नऊ घटना नव्याने घडलेल्या असतात आणि आई-वडिलांत तो बदल नसतो. तशा वेळी पुन्हा होण्याची शक्यता फार कमी, साधारण एक टक्का किंवा त्याहून कमी असते. दोघांपैकी एकामध्ये तो असेल तर मात्र प्रत्येक गर्भारपणात ती ५० टक्के असते. लक्षणे सौम्य असल्यामुळे पालकाला स्वतःतील बदल माहीतच नव्हता असेही घडते, म्हणून मुलाचे निदान झाल्यावर दोन्ही पालकांची तपासणी करावी. गर्भाची तपासणी करायची असल्यास अकराव्या ते तेराव्या आठवड्यात वारेचा नमुना किंवा सोळाव्या आठवड्याच्या सुमारास गर्भजल घेतात. अशी केंद्रे कायद्याने नोंदणीकृत असावी लागतात आणि गर्भाचे लिंग सांगण्यास मनाई आहे. महाराष्ट्राने असा कायदा देशात सर्वप्रथम, १९८८ मध्ये केला, आणि केंद्राचा कायदा १९९४ मध्ये आला.

विद्यार्थ्यांना हे खंड स्वतः पाहता येतील का?

होय, आणि त्यासाठी प्रयोगशाळाही लागत नाही. यूसीएससी जीनोम ब्राउझर हे संकेतस्थळ विनामूल्य आहे. त्यात गुणसूत्र २२ उघडून ‘सेगमेंटल डुप्स’ हा पट्टा सुरू करावा. ९० ते ९८ टक्के साम्य असलेले खंड राखाडी, ९८ ते ९९ टक्क्यांचे पिवळे आणि ९९ टक्क्यांहून अधिक साम्याचे नारिंगी दिसतात. सेंट्रोमिअरकडून लांब भुजेकडे सरकताना क्यू११ मध्ये रंगांची दाटी होते आणि मधे मोकळ्या जागा लागतात. ए ते डी हे खंड तिथे ओळखता येतात. त्यांतल्या कोणत्याही खंडावर टिचकी मारली की त्याची दुसरी प्रत कोणत्या गुणसूत्रावर आहे तेही समोर येते. हाच भाग आधी २०१३ च्या जीआरसीएच-३८ या संदर्भ जीनोमात आणि मग २०२२ च्या पूर्ण जीनोमात शेजारी शेजारी उघडून पाहावा, कारण जुन्या संदर्भातील रिकाम्या जागी नेमके काय होते ते त्यातून थेट दिसते. अहवालातील जागा पडताळताना तो अहवाल जीआरसीएच-३७ या आधीच्या संदर्भ आवृत्तीवर आधारलेला आहे की ३८ वर, हे आधी वाचून घ्यावे. दोहोंतील क्रमांक जुळत नाहीत.